समाईक तंबोरा मोडला तर

घरचें वाद्य मोडलें म्हणजे घरांत हळहळ होते. शाळेचें किंवा भजनी मंडळाचें मोडलें म्हणजे आधीं चौकशी सुरू होते. शेवटीं तें कोणाच्या हातांत होतें, हें विचारलें जातें आणि ज्या मुलाच्या हातून तें निसटलें त्याच्या आईबापांपुढें नव्या वाद्याची किंमत मांडली जाते. मोलमजुरी करणाऱ्या घरास ती झेपत नाहीं; मुलगा गाण्याच्या वर्गास येणेंच सोडतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत नर्सी हें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, व येथील भजनाच्या फडास वीणा-पखवाज नवीन नाहींत. वर्गणीच्या वाद्याचा हा प्रश्न म्हणून पालकांनीं समजून घेण्याजोगा आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मोड कोठें आहे हें पाहिल्यावांचून किंमत ठरवूं नये.

तंबोऱ्यांत तारांची ओढ मुख्यतः दांडी, गळ्याचा सांधा व तबली यांवर पडते. भोपळा आवाजास भरीवपणा देतो. त्यामुळें पाहणाऱ्याची फसगत होते. भोपळा फुटला कीं सर्वनाश झाला असें वाटतें. परंतु कुशल कारागीर तबली उघडून तुकडे जागच्या जागीं सांधतो व आंतून कापडाचा आधार देतो. उलट दांडीस बाक आला तर तो एकदम दिसत नाहीं, पण आजार मोठा तोच. दांडी पिळली असेल तर नवा तंबोरा घेण्याचा विचार करावा. कित्येकदां तर कांहींच मोडलेलें नसतें! घोडीच्या माथ्यावर तारांनीं खाचा पडतात, आवाज बद्द होतो, आणि लोक म्हणतात तंबोरा गेला. तो कोठें जात नाहीं. जाणत्याकडून जवारी काढून घ्यावी, म्हणजे माथा घासून पुन्हां बेताचा उतरता होतो व तारेखालीं दोरा सरकवतांच स्वर उमलतो. हल्लीं मुलांस गिटार अधिक आवडते. तिलाही हाच न्याय लावावा: पुढच्या फळीची चीर सांधतां येते, मान पिळली तर मात्र प्रकरण अवघड.

दुरुस्ती म्हणजे कमी प्रतीचें काम, असा समज असेल तर मिरजेकडे पाहावें. तेथें एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारें करणाऱ्या घराण्यांतले, कारागीर होते. संस्थानिक पटवर्धनांच्या पदरीं गवई येऊं लागले, त्यांचीं वाद्यें नादुरुस्त होत, आणि तीं नीट करतां करतां फरीदसाहेबांचा हात या कामांत बसला, असें सांगतात. पुढें त्यांच्या वंशजांनीं व शिष्यांनीं मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर नेला. 2024 सालीं या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळालें. या वाद्यांचे भोपळे पंढरपूरच्या आसपास पिकतात. आमच्याकडील वारकरी ज्या गांवीं पायीं जातात, त्याच शिवारांतून तंबोऱ्याचें पोट येतें, हें मुलांस सांगितलें म्हणजे त्यांस मोठी मौज वाटते. भोपळा वेलीचा असल्यानें दोन भोपळे सारखे नसतात. तबली त्या त्या भोपळ्याच्या तोंडाबरहुकूम कापावी लागते. यामुळें जुना भोपळा सांधणें पुष्कळदां नवा बसविण्यापेक्षां बरें.

खर्च कोणीं द्यावा? आमच्या मतें, ज्यानें वाद्य शंभर हातांत दिलें त्या संस्थेनेंच, आणि त्यासाठीं वर्षारंभींच थोडी रक्कम बाजूस काढावी. तंबोरा कपाटांत कुलुपबंद ठेवणें हा उपाय नव्हे. आमच्याकडे वैशाखांत ऊन चाळिशी ओलांडतें, लाकूड आकसतें. म्हणून सुट्टीपूर्वीं तारा सैल कराव्या, गवसणी घालावी व पत्र्याच्या छपराखालीं वाद्य ठेवूं नये. एवढें करूनही तें पडलेंच, तर मुलास रागें भरण्यापूर्वीं जमिनीवरचे तुकडे वेंचावे. नखाएवढाही तुकडा फेकूं नये. सर्व एका पिशवींत बांधून तंबोऱ्याबरोबरच कारागिराकडे पाठवावे.