खांदा किती बरा झाला?

मुलांची गुणपत्रिका असते, तशी खांद्याचीही असते. कॉन्स्टंट आणि मर्ली यांनी १९८७ साली मांडलेल्या पद्धतीत खांद्याला १०० पैकी गुण देतात: वेदनेसाठी १५, रोजच्या कामांसाठी २०, हालचालीसाठी ४० आणि ताकदीसाठी २५. शस्त्रक्रियेपूर्वी ४० गुण असलेल्या खांद्याला सहा महिन्यांनी ४६ मिळाले, तर गुण वाढले हे उघड आहे. रोग्याला ते जाणवले का, हा प्रश्न मात्र वेगळा.

समजा, हा खांदा वाशीम जिल्ह्यातील मेडशीच्या एखाद्या शेतकरी बाईचा आहे. हात पूर्वीपेक्षा दहा अंश जास्त वर जातो. पण वेणी घालता येत नाही, हंडा डोक्यावर घेता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. कोनमापक सुधारणा दाखवतो, बाई म्हणते ‘काही फरक नाही’. दोघांचेही खरे आहे. पण सोयाबीनच्या सोंगणीचा हंगाम बुडवून, पैसे मोजून शस्त्रक्रिया करून घेतली ती बाईने.

रोग्याचे पुढे काय झाले हे पाहिलेच पाहिजे, असा आग्रह धरणारे एक नामवंत डॉक्टर योगायोगाने खांद्याचेच तज्ज्ञ होते. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ ते १९१६ या काळात आपल्या खासगी रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रोग्यांचा हिशेब छापला आणि त्यात १२३ चुकांची कबुली दिली. सहकाऱ्यांना हा हिशेबीपणा फारसा रुचला नाही, हे सांगायला नकोच.

किती गुण वाढले म्हणजे ‘खरी’ सुधारणा? १९८९ साली कॅनडातील येश्के, सिंगर आणि गायट यांनी यासाठी एक कल्पना मांडली. तिला आपण ‘किमान अर्थपूर्ण फरक’ म्हणू: रोग्याला फायद्याचा वाटेल असा लहानात लहान फरक. तो काढण्याची एक रीत वर्गातही करून पाहता येईल. रोग्यांना सरळ विचारायचे, ‘पूर्वीपेक्षा कसे वाटते?’ समजा, ‘थोडे बरे’ म्हणणाऱ्या पाच जणांचे गुण ९, १४, ११, १६ आणि १० ने वाढले. सरासरी १२. ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्या तिघांच्या गुणांतील बदल ३, उणे २ आणि ५, सरासरी २. मग १२ हा आपला उंबरठा. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल, प्रत्यक्षात बरेच रोगी लागतात.)

या उंबरठ्याचे महत्त्व २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका ब्रिटिश चाचणीत दिसले. खांद्याच्या टोकाच्या हाडाखालची जागा मोकळी करणारी शस्त्रक्रिया तेव्हा सर्रास होत असे. ३१३ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले: काहींवर ही शस्त्रक्रिया, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले, काहींवर कोणताच उपचार नाही. सहा महिन्यांनी ४८ गुणांच्या ऑक्सफर्ड प्रश्नावलीत शस्त्रक्रियेचा गट उपचार न झालेल्या गटापेक्षा सुमारे २.८ गुणांनी पुढे होता. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नव्हता. पण अर्थपूर्ण मानलेल्या ४.५ गुणांपर्यंत तो पोहोचला नाही. नुसती दुर्बीण घातलेले रोगीही तितकेच सुधारले होते!

उंबरठा सर्वांना सारखा नसतो. आधीच ९० गुण असलेल्याला १२ गुण वाढवायला जागाच नाही, जसे ९५ टक्के मिळवणाऱ्या मुलाचे. म्हणून ‘आहे या स्थितीत तुम्ही समाधानी आहात का?’ असा वेगळा प्रश्नही आता विचारतात.

आणखी एक अडचण आपल्याकडची. अमेरिकेतील खांदा व कोपर शल्यविशारदांच्या संघटनेची प्रश्नावली विचारते: कोट घालता येतो का? चेंडू खांद्यावरून फेकता येतो का? मेडशीच्या बाईने काय सांगावे? कोटाऐवजी चोळी आणि चेंडूऐवजी हंडा घालता येईल. मात्र प्रश्न बदलले की उंबरठाही इथल्याच रोग्यांना विचारून नव्याने काढावा लागतो.