गरुडाचा पत्ता



२०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात रशियातील काही पक्षी-अभ्यासकांवर एक अजब संकट आले. त्यांच्या प्रकल्पातील तेरा गरुडांच्या पाठीवर लहानशी यंत्रे बांधलेली होती. दिवसातून काही वेळा गरुड कुठे आहे याची नोंद ते यंत्र करी आणि मोबाइलच्या जाळ्यातून संदेशाने धाडून देई. ‘मिन’ नावाची एक गरुड मादी उन्हाळाभर कझाकस्तानात अशा भागात राहिली, की तिथे मोबाइलची लहरच पोहोचत नव्हती. साचलेले संदेश यंत्रात पडून राहिले. कझाकस्तानातून ते सुटले असते तर एकेका संदेशाला सुमारे १५ रूबल पडले असते. पण मिन थेट इराणात पोहोचली आणि तिथून सगळे संदेश एकदम सुटले, दर प्रत्येकी ४९ रूबल! अभ्यासकांची वर्षभराची तरतूद पाहता पाहता संपली. त्यांनी लोकांना साद घातली, लोकांनी गरुडांचा मोबाइल ‘रिचार्ज’ करायला पैसे पाठवले, मोबाइल कंपनीनेही देणे माफ केले.

जगभर ही बातमी हसत हसत वाचली गेली. आपणही हसावे, पण हसून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा. गरुड कुठे आहे हे कळावे म्हणून शहाणीसुरती माणसे कर्जबाजारी व्हायला का तयार होतात?

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. पक्षिशास्त्र माझ्या व्यवसायाचा भाग नव्हे, छंदाचा आहे. पण या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या खुर्चीवरून चांगले समजते. रोगी समोर येतो तेव्हा तो फक्त आजचे दुखणे सांगतो. तो झोपतो कधी, जेवतो काय, कोणत्या ऋतूत त्रास वाढतो हे खोदून विचारल्याशिवाय दुखण्याचे मूळ सापडत नाही. गरुडाला तर विचारताही येत नाही. म्हणून त्याची दिनचर्या त्याच्याच पाठीवरून लिहून घ्यावी लागते.

पूर्वी हे काम पायातल्या कड्याने होई. डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेली ॲल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली. आपल्या माळव्यातही धारच्या महाराजांनी १९२० च्या दशकात स्थलांतरित बदकांना कडी घालण्याचे काम करविले होते, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. पण कड्यातून दोनच ठिकाणे कळतात: पक्षी कुठे धरला आणि कुठे मेला किंवा पुन्हा सापडला. मधला सारा प्रवास अंधारात राहतो.

१९७८ पासून ‘आर्गोस’ ही उपग्रह यंत्रणा सुरू झाली. गाडी जवळ येताना आणि दूर जाताना तिच्या शिट्टीचा स्वर बदलतो, त्याच तत्त्वावर उपग्रह पक्ष्याचे ठिकाण काढी. चूक मात्र शेकडो मीटरची, कधी किलोमीटरचीही असे. पुढे जीपीएस आले आणि चूक काही मीटरवर आली. आताच्या यंत्राला वर सौर पट्टी असते, ते पाठीवर दप्तरासारखे मऊ पट्ट्यांनी बांधतात. त्याचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा संकेत आहे. म्हणजे ३ किलोच्या गरुडावर फार तर ९० ग्रॅम.

आता नकाशावर ठिपके उमटू लागले. पण ठिपका म्हणजे ज्ञान नव्हे, हे आपण लक्षात घ्यावे. गरुड एखाद्या माळावर वारंवार दिसला, तर तो माळ त्याला आवडतो असे म्हणता येईल का? घरात भाकरीखेरीज काहीच नसेल आणि मी दहा दिवस भाकरी खाल्ली, तर भाकरी ही माझी आवड ठरत नाही. लग्नाच्या पंगतीत सारे पदार्थ समोर असताना मी भाकरी मागून घेतली, तर ती आवड. म्हणून अभ्यासक दोन याद्या करतात: आसपास काय काय उपलब्ध होते, आणि त्यातले गरुडाने किती वापरले. दोहोंची तुलना केली की त्याची निवड कळते. अधिवासाचा वापर म्हणतात तो हा.

ही निवड बदलली तर काहीतरी बिघडले आहे हेही कळते. बेलारूसच्या दलदलीत विणीसाठी परतणारे ठिपकेदार गरुड वाटेत युक्रेनमध्ये विसावा घेत. २०१८ ते २०२१ या काळात नोंद ठेवलेल्या २० गरुडांपैकी १८ गरुडांनी असा विसावा घेतला होता. २०२२ च्या वसंतात युद्ध पेटल्यावर १९ गरुडांपैकी फक्त ६ थांबले. त्यांना सरासरी ८५ किलोमीटर जास्त उडावे लागले. माद्यांचा या टप्प्यातील प्रवास १९३ तासांवरून २४६ तासांवर गेला. भुकेला, थकलेला पक्षी घरट्यावर उशिरा पोहोचतो, तेव्हा त्याची झळ पिढीला बसते. युद्धाची ही जखम ठिपक्यांवाचून कोणाला दिसली असती?

पुन्हा आपण मिनकडे येऊ. ती ज्या जातीची, त्या स्टेप गरुडाचे घरटे मध्य आशियातील ओसाड गवताळ प्रदेशात, बहुधा जमिनीवर किंवा खडकावर असते. खाण्यात तिथल्या बिळांत राहणाऱ्या खारींचा मोठा वाटा. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतात तो पंख पसरून घिरट्या घेत उंच जातो आणि मग तरंगत पुढे सरकतो. समुद्रावर असे झोत मिळत नाहीत, म्हणून तो जमिनीची वाट धरतो. हिवाळ्यात काही गरुड अरबस्तानाकडे व आफ्रिकेकडे, तर काही आपल्या देशात येतात.

या वाटेवर दोन सापळे आहेत. पहिला विजेच्या खांबाचा. झाडे नसलेल्या प्रदेशात बसायला उंच जागा म्हणजे खांबच. दोन मीटरच्या आसपास पसरणाऱ्या पंखांचा एकाच वेळी तारेला आणि लोखंडी आडव्या पट्टीला स्पर्श झाला की खेळ संपला. तारांवर रोधक आवरण बसवणे हा त्यावरचा उपाय आहे. पण आधी कोणत्या खांबांवर, हे कळावे लागते.

दुसरा सापळा आपल्या अंगणात आहे. राजस्थानात बिकानेरजवळ जोडबीड येथे मेलेली गुरे आणि उंट टाकतात. हिवाळ्यात स्टेप गरुड तिथे मोठ्या संख्येने जमतात, कारण आपल्याकडे आल्यावर हा शिकारी मृत जनावरांवर गुजराण करतो. तिथे मेलेल्या दोन स्टेप गरुडांच्या शरीरात डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे अंश सापडले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर बसले होते. आपली गिधाडे याच औषधाने याच रीतीने संपत आली, हे आपण जाणता. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसेक्लोफिनॅकवरही. ॲसेक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते.

इथे मला थोडे अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. म्हाताऱ्या, जखमी गाईला वेदनाशामक टोचतो तो माणूस क्रूर नसतो, दयाळूच असतो. आमच्या जैन समाजाने पांजरपोळ उभारले ते याच दयेपोटी, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण औषध दिल्यावर गाय थोड्याच दिवसांत मेली आणि तिचे कलेवर उघड्यावर टाकले, तर त्या दयेचा शेवट हजारो किलोमीटरवरून आलेल्या पक्ष्याच्या पोटात होतो. दया करताना तिची वाट शेवटपर्यंत पाहणे, हेही अहिंसेतच येते असे मी समजतो.

म्हणून गरुडाचा पत्ता विचारला, तर एका घरट्याचे नाव सांगून भागत नाही. कझाकस्तानातले गवत, वाटेतले खांब, इराणचे आकाश आणि बिकानेरचे माळरान ही सगळी मिळून त्याचे एक घर होते. त्यातली एक खोली विषारी झाली, तर बाकीच्या कितीही जपल्या तरी तो वाचत नाही.

आपल्यापैकी कोणाचा गोशाळेशी, पांजरपोळाशी किंवा शेतावरच्या गोठ्याशी संबंध असेल, तर पशुवैद्यांना इंजेक्शनाचे नाव विचारावे. गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. ते चालेल का, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. बंदी असलेले औषध दिले गेले असेल, तर ते जनावर खोल पुरावे. एवढ्या चौकशीला संदेशाचे ४९ रूबलही पडत नाहीत.