कोंबडी कुणी नेली? झाडू मारण्याआधी खुणा बघा

तायांनो, कोंबडी गेली की आपल्याकडे पहिलं नाव निघतं शेजारणीच्या मांजराचं. दुसरं गल्लीतल्या कुत्र्याचं. एका गटात यावरून दोघींचं बोलणं बंद झालं, मग एक जण बैठकीलाच येईना आणि तिची बचत थकली. राग येणारच. कोंबडी-अंड्याचा पैसा हा घरात आपल्या हातातला पैसा असतो. पण चोर कोण ते न बघता केलेला उपाय वाया जातो. घार पिल्लं उचलत असेल तर खुराड्याला दुसरी कडी लावून काय होणार?

म्हणून सकाळी अंगण झाडायच्या आधी खुराड्याभोवती एक फेरी मारा. झाडलं की खुणा गेल्या. तीन गोष्टी बघायच्या: दिवसा गेली की रात्री, एक गेली की बऱ्याच, आणि मागे काय राहिलं.

भर दिवसा पिल्लू गेलं, रक्त नाही, पीस नाही, तर वर बघा. घार किंवा शिक्रा असणार. कावळाही अंडी आणि अगदी लहान पिल्लं पळवतो. मुंगूससुद्धा दिवसाच फिरतं, रात्री ते बिळात असतं. त्यामुळे मध्यरात्री मुंगसाने मारली असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. रात्री येतात ते रानमांजर, कोल्हा आणि उदमांजर, ज्याला कोकणात कांडेचोर म्हणतात.

कोल्हा किंवा रानमांजर सहसा एक कोंबडी उचलून निघून जातं आणि झुडपाच्या दिशेने पिसं सांडलेली दिसतात. कुत्र्यांचं काम वेगळं. जाळी फाटलेली, पाच-सहा कोंबड्या इकडेतिकडे मरून पडलेल्या आणि खाल्लेली एकही नाही. बंद खुराड्यात मानेला-डोक्याला चावे घेऊन दोन-चार मारलेल्या असतील तर मुंगूस किंवा उदमांजर आत शिरलंय. त्यांनी रक्त पिऊन टाकलं असं आपल्याकडे म्हणतात, पण तसं नसतं. बंद जागेत कोंबड्या फडफडायला लागल्या की शिकारी एकीवर थांबत नाही, एवढंच.

पिल्लाचा पाय कुरतडलेला, लाकूड पोखरलेलं, कोपऱ्यात लेंड्या, म्हणजे उंदीर किंवा घूस. अंडी गायब आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप असू शकतो, कारण तो अंडं अख्खं गिळतो. पोट फुगल्यावर आलेल्या फटीतून त्याला परत जाता येत नाही आणि कधी कधी तो सकाळी आतच सापडतो. म्हणून अंधारात खुडूक कोंबडीखाली हात घालू नका, आधी बॅटरी मारा. टरफलं आणि बलक तिथेच पडलेला असेल तर मुंगूस, कावळा किंवा चक्क आपलीच कोंबडी! चुना कमी पडला की अंड्याचं कवच पातळ होतं, अंडं फुटतं आणि एकदा चव लागली की कोंबडी स्वतःच अंडी फोडून खाते. खाद्यात शिंपल्याचा चुरा द्या.

काहीच कळत नसेल तर संध्याकाळी खुराड्याभोवती चुलीतली राख चाळून पसरा. सकाळी पावलं उठलेली दिसतील. कुत्र्या-कोल्ह्याच्या पावलात नखं उमटतात, मांजराच्या पावलात सहसा उमटत नाहीत. मुंगसाला पाच बोटं असतात. साप गेला असेल तर नुसता ओढल्यासारखा पट्टा दिसतो.

आता एक गोष्ट जी सगळ्यात जास्त चुकते. मेलेल्या कोंबडीला जखम आहे पण रक्त फारसं नाही, असं दिसलं तर ती आधी मेली असेल आणि कुत्र्या-मांजराने नंतर तोंड लावलं असेल. त्यात बाकीच्या कोंबड्या मान वाकडी करतायत, हिरवट पातळ हागतायत, तर तो मानमोडीचा रोग असू शकतो. तिथे जाळी कामाची नाही. आजारी कोंबड्या वेगळ्या करा, पशुसखीला त्याच दिवशी बोलवा. आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा. उकिरड्यावरच्या वासानेच कुत्री आणि कोल्हे वाडीकडे वळतात.

उपायांत मोठा खर्च नाही, पण वेळ पाळावी लागते. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे रात्री बाहेर राहिलेली कोंबडी जागची हलत नाही, आयती सापडते. लावणीच्या दिवसांत आपल्याला शेतातून यायला उशीर होतो आणि खुराडं उघडं राहतं. रोज एकाच वेळी, दिवेलागणीच्या आधी, खुराड्यातच मूठभर दाणे टाका. आठवडाभरात कोंबड्या स्वतःहून आत येतात. मग घरातलं शाळकरी पोरही मोजून कडी लावू शकतं. सकाळी चांगलं उजाडल्याशिवाय सोडू नका.

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच असावं, पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, म्हणजे उंदीर चढत नाही. बाजारात मिळणारी सहा कोनांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तिच्या भोकांतून उंदीर आणि लहान साप सहज जातात. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी महाग पडते, तेव्हा निदान खालचे दोन फूट आणि दाराला तरी तीच लावा. खुराडं जमिनीवरच असेल तर जाळी फूटभर खोल गाडा, वर दगड रचा. घारीसाठी पिल्लं पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवा किंवा वर जुनं मासेमारीचं जाळं ताणा. चमकणाऱ्या पट्ट्या आणि बुजगावणं चार दिवस चालतं, मग पक्ष्यांना सवय होते. मी तरी त्यावर पैसे घालवायला सांगणार नाही.

विष घालायचं नाही आणि तारेत करंट सोडायचा नाही, हे मात्र स्पष्ट सांगते. विष घातलेला तुकडा कोण खाईल हे आपल्या हातात नसतं. शेजारचं पोर, आपलंच जनावर, आपल्याच कोंबड्या, कुणीही. करंटच्या तारेने रात्री लघवीला उठलेलं माणूस जातं. शिवाय मुंगूस, घोरपड, रानमांजर, कोल्हा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मारलं तर गुन्हा होतो. हाच मुंगूस आणि हीच धामण शेतातले उंदीर खातात, हेही विसरू नका. साप आत दिसला तर काठी घेऊ नका, बाकीच्यांना लांब करा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ऊसपट्ट्यातल्या तायांनी बिबट्याचं पाऊल दिसलं तरी हाच नंबर लावायचा. साप चावला तर भगताकडे नाही, १०८.

वाडीत एकीच्या कोंबड्या जायला लागल्या की पुढच्या आठवड्यात दुसरीच्या जातात, म्हणून गटाच्या बैठकीत तारीख, वेळ आणि दिसलेली खूण वहीत लिहून ठेवा. जाळीसाठी अंतर्गत कर्ज घ्यायचं असेल तर चार-पाच जणींनी मिळून अख्खा रोल घ्या, सुट्या मीटरपेक्षा स्वस्त पडतो.