पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वह्यांबद्दल बोललो. आज त्या वह्या ज्याच्यात चढवायच्या, त्या कॉम्प्युटरबद्दल.

उत्तनच्या आमच्या गटानं बचतीतून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. सुक्या बोंबलाची विक्री, कर्जाचे हप्ते, बँकेचे कागद, सगळं एका जागी हवं होतं. तयार मशीन महाग पडत होतं. एका ताईंचा मुलगा म्हणाला, सुटे भाग आणतो, मीच जोडतो. भाईंदरहून लोकलनं तो ग्रँट रोडला उतरला. तिथून जवळच लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. 26,000 रुपये खर्च झाले.

जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. नाक्यावरचा दुरुस्तीवाला बघून म्हणाला, "मदरबोर्ड गेला, नवा घ्या." एक मावशी हळूच म्हणाली, "माझ्या नातवाची फी थांबवून पैसे भरले होते गं." मलाही काही सुचेना. पण नवा माल पहिल्याच दिवशी जळण्यापेक्षा एखादी वायर लावायची राहणं, हे कितीतरी जास्त वेळा होतं. म्हणून पैसे द्यायच्या आधी आम्ही स्वतः तपासायला बसलो.

पंखाच फिरत नसेल तर आधी बोर्डाचं बटण आणि डब्याच्या मागचा छोटा स्विच बघा. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. आमचा पंखा फिरत होता, म्हणजे वीज आत येत होती. मग पडद्याची वायर. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्या कार्डालाच लावायची. आणि खरेदीआधीच विचारायची गोष्ट: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्याला असं कार्ड लागतंच, नाहीतर पडद्यावर काही येणार नाही.

आता आत हात घालायचा. प्लग काढा, बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. धातूच्या बांगड्या काढून ठेवा आणि डब्याच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा. वीज पुरवणारी पेटी, एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

पहिला संशय रॅमवर. लांब पट्टी असते ती. मिक्सरचं भांडं खाचेत बसलं नाही तर मोटर चालत नाही, तसंच हिचं. खाच जुळवून दोन्ही टोकं दाबायची, 'टक्' आवाज यायला हवा. आमची एका बाजूनं वर राहिली होती. बसवली, तरी पडदा काळाच! दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघावी, पण आमच्याकडे एकच. (डीडीआर 5 जातीची नवी रॅम पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं घेते. तेवढं थांबा, सारखं बंद-चालू करू नका.)

मग एसएमपीएसच्या वायरी बघितल्या. मदरबोर्डला एक मोठा 24 पिनांचा जोड लागतो, तो होता. पण प्रोसेसरला वीज देणारा वेगळा, 4 किंवा 8 पिनांचा जोड वरच्या कोपऱ्यात लागतो. तो पंख्याच्या आड तसाच लोंबकळत होता! पंखे मोठ्या जोडावर फिरत होते, आणि प्रोसेसर उपाशी. मुलगा कपाळाला हात लावून बसला. जोड लावला, बटण दाबलं, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मावशींनी टाळ्याच वाजवल्या.

अक्षरं इंग्रजीत होती: सुरू करायला काही सापडत नाही, अशा अर्थाची. परत सगळ्यांच्या पोटात गोळा. पण तो बिघाड नव्हता. विंडोज टाकायचं बाकी होतं, एवढंच. बिलं आणि खोकी मात्र आम्ही गटाच्या कपाटात ठेवली आहेत, वॉरंटी संपेपर्यंत कुणी त्यात बोंबील बांधायचे नाहीत.