पंचकर्मानंतरची पेज

मंडळी, आयुर्वेदाच्या आरोग्यधामात राहून यायचे म्हटले की डोळ्यांपुढे येते ते तेलाचे मालीश. केरळात कोट्टक्कलला वैद्य पी. एस. वारियर यांनी १९०२ साली आर्य वैद्यशाळा काढली. आजही तेथे दूरदूरहून रोगी येतात. पण मालीश आणि शेक ही पंचकर्माची नुसती पूर्वतयारी बरे का! खरी कर्मे पुढेच. वमन, विरेचन, बस्ती, नस्य ही ती.

आणि सर्वांत नाजूक भाग त्याच्याही पुढे, तो म्हणजे जेवणावर परतणे. वमन-विरेचनाने जठराग्नी मंदावतो, असे आयुर्वेद मानतो. म्हणून आधी पातळ पेज, मग घट्ट विलेपी, मग मुगाचे कढण. तेही प्रथम नुसते, नंतर तूपमीठ घातलेले. शुद्धी पुरती झाली असेल तर बारा जेवणांनी नेहमीच्या ताटावर यायचे. चरकसंहितेत याला दृष्टान्त आहे विस्तवाचा. ठिणगीवर एकदम ओंडका ठेवला तर काय होते, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला सांगायला का हवे? आधी गवत, मग गोवरी, मग लाकूड.

आपल्याकडे होते काय? गाठचे पैसे मोडून माणूस पथ्य पाळतो, आणि घरी येताच, 'किती वाळलात हो!' म्हणून पहिल्याच रात्री पानात पुरणपोळी पडते!

तेव्हा निघताना पुढच्या आठवड्याचे जेवण वैद्यांकडून लिहून घ्या आणि घरात वाचून दाखवा. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. त्या मनाने बंद करू नका. पण नुसत्या पेजेवर असताना साखर एकाएकी उतरू शकते, हेही ध्यानात असू द्या.