पूरक व पर्यायी उपचार : एक परिचय

गादीवरील दिवसभराची बैठक, जेवणाच्या अनियमित वेळा आणि उधारीवसुलीची चिंता यांमुळे मधुमेह व रक्तदाब हे विकार व्यापारी कुटुंबांत अनेक ठिकाणी आढळतात. घरात दुखणे आले की कोणी काढा सुचवितो, कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या, तर कोणी पोटावर मातीची पट्टी. अशा वेळी कोणते स्वीकारावे, हे ठरविणे कठीण जाते.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. डॉक्टरी उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला जे करावयाचे, ते पूरक. ते उपचार सोडून त्यांच्या जागी जे करावयाचे, ते पर्यायी. उपचार तोच असला तरी या भेदाने त्याचा परिणाम पालटतो. मधुमेह्याने इन्सुलिनसह योगासने केली तर हित होते. परंतु ज्याचे शरीर इन्सुलिन निर्माणच करीत नाही, त्याने ते बंद करून केवळ आसनांवर विसंबल्यास अल्पावधीत प्राणावर बेतते. पर्युषणात उपवास करू इच्छिणाऱ्या मधुमेह्यानेही औषधाचे प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

या पद्धतींची परीक्षा आपल्याकडेही झाली आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. महात्मा गांधींनी 1946 साली उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले. सर्पगंधेची कथा तर विशेष बोधप्रद आहे. परंपरेने वापरात असलेल्या या मुळीचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनी रुग्णांवर तपासून 1949 साली प्रसिद्ध केला. 1952 साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्यामुळे औषधाची मात्रा मोजता आली आणि अतिमात्रेने येणारे औदासीन्यही लक्षात आले.

उलटपक्षी, होमिओपॅथीविषयीच्या संशोधनाची ऑस्ट्रेलियाच्या शासकीय वैद्यक परिषदेने छाननी केली, तेव्हा एकाही विकारावर ती गुणकारी असल्याचा विश्वसनीय पुरावा आढळला नाही, असा निष्कर्ष 2015 साली निघाला. तसेच ‘वनस्पतीचे, म्हणून निरुपद्रवी’ ही समजूतही भ्रामक होय. अमेरिकेतील बोस्टन परिसराच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले.

आपणांपैकी जे औषधांचा वा किराणा मालाचा व्यापार करतात, त्यांची जबाबदारी दुहेरी आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार इत्यादी विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा तसा फलक दुकानात लावू नये आणि ‘चालू औषध सोडून हे घ्या’ असा सल्ला गिऱ्हाइकास कदापि देऊ नये.

माल घेताना आपण वजन, प्रत आणि देणाऱ्याची पत पाहतो. औषध घेतानाही त्यात काय आहे, त्याची मात्रा किती आणि देणारा नोंदणीकृत वैद्य आहे काय, हे विचारावे. आणि आपण जे घेतो ते आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. पेढीवरचा तोटा पुढील हंगामात भरून येतो. शरीराच्या तोट्याचे तसे नाही.