कार्डाने उघडणारं दार : आत येणं सोपं, पण बाहेर पडणं?

कार्ड टेकवलं, बीप वाजलं, हिरवा दिवा लागला आणि दार उघडलं! ऑफिस, हॉस्टेल, पीजी, क्लिनिक, सोसायटीची लॉबी, अशी दारं आता सगळीकडे दिसतात. किल्ली हरवण्याची कटकट नाही आणि कोण कधी आलं याची नोंदही राहते.

पण अशी सिस्टीम बसवताना आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, ‘बाहेरचं कुणी आत घुसणार नाही ना?’ दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न राहूनच जातो. वीज गेली, आग लागली किंवा मशीन बंद पडलं, तर आतली माणसं बाहेर पडू शकतील ना? त्यात तुमची शाळकरी मुलं असतील, गुडघेदुखीने हळू चालणारे आजोबा असतील.

याचं उत्तर मशीनच्या किमतीवर नाही, तर वायरी कशा जोडल्या आहेत यावर ठरतं. ते समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

मशीनला काय कळतं, मशीन काय करतं?

या सिस्टीमचा मेंदू म्हणजे कंट्रोलर नावाचा छोटा डबा. त्याच्याकडे जी माहिती येते ती इनपुट आणि तो जे काम करून घेतो ते आउटपुट.

इनपुट साधारण तीन असतात. पहिलं, दाराबाहेरचा कार्ड किंवा बोटाचा ठसा वाचणारा रीडर. दुसरं, आतल्या भिंतीवरचं एक्झिट बटण. तिसरं, दाराचा सेन्सर, म्हणजे दारावर एक छोटा चुंबक आणि चौकटीवर त्याच्यासमोर एक स्विच. यामुळे दार उघडं आहे की बंद, ते कंट्रोलरला कळतं. कार्ड न लावता कुणी दार ढकलून उघडलं किंवा ते बराच वेळ उघडं राहिलं, तर कंट्रोलर बझर वाजवतो. बझर हे झालं एक आउटपुट. दुसरं आणि मुख्य आउटपुट म्हणजे लॉकचा रिले, म्हणजेच वीज जोडणारा आणि तोडणारा स्विच.

लॉक कोणतं आहे, ते आधी पाहा

काचेच्या दारांवर बहुतेक ठिकाणी मॅग्नेटिक लॉक असतं. वीज चालू असेपर्यंत ते चुंबकासारखं दार धरून ठेवतं, वीज तोडली की सोडून देतं. सर्रास वापरलं जाणारं लॉक साधारण २७० किलोच्या जोराने दार धरतं. म्हणजे घाबरून कितीही ढकललं, तरी ते उघडणार नाही. वीज गेल्यावर उघडणाऱ्या अशा लॉकला ‘फेल-सेफ’ म्हणतात.

दुसरा प्रकार ‘फेल-सिक्युअर’. वीज गेली तरी हे लॉक बाहेरून बंदच राहतं. दुकान किंवा स्टोअररूमसाठी ते बरं, पण तिथे आतून फिरवून उघडणारं साधं हँडल हवंच.

रिलेला तीन टोकं असतात, कॉमन, एनसी आणि एनओ. मॅग्नेटिक लॉक सहसा कॉमन आणि एनसीवर जोडतात. त्यामुळे एरवी लॉकला वीज मिळत राहते. कार्ड लावलं की रिले ठरवलेल्या वेळेपुरती, समजा ५ सेकंद, ती तोडतो आणि दार उघडतं. फेल-सिक्युअर लॉक कॉमन आणि एनओवर जोडतात.

खरी मेख इथे आहे

एक्झिट बटण अनेक ठिकाणी फक्त कंट्रोलरला जोडलेलं असतं. म्हणजे बटण दाबल्यावर दार थेट उघडत नाही. बटण कंट्रोलरला सांगतं आणि कंट्रोलर दार उघडतो. आता कंट्रोलरच हँग झाला तर? एनसीवर जोडलेल्या लॉकला वीज मिळतच राहते. तुम्ही बटण दाबत राहता आणि दार हलत नाही.

म्हणूनच दाराजवळ वेगळी इमर्जन्सी पेटी हवी. बहुधा ती हिरव्या रंगाची असते. ती लॉककडे जाणाऱ्या वायरीतच बसवतात, त्यामुळे ती दाबली की कंट्रोलरला न विचारता लॉकची वीज तुटते.

फायर अलार्मचंही तसंच. अलार्म वाजला की लॉकची वीज आपोआप तुटेल अशी जोडणी हवी आणि तीही बॅटरीच्या पुढे. अनेकांना वाटतं, मेन स्विच बंद केला की दार उघडेल. पण सिस्टीमला बॅकअप बॅटरी असते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची नवी बॅटरी, लॉक आणि कंट्रोलर मिळून ०.८ अँपिअर घेत असतील, तर कागदावरच्या हिशेबाने आठ तासांहून जास्त वेळ दार धरून ठेवेल. वीज गेल्यावर चोर येऊ नये म्हणून ती गरजेची आहे, पण आगीत तीच आड येऊ शकते.

नॅशनल बिल्डिंग कोड, २०१६ मध्येही बाहेर पडण्याची दारं आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडली पाहिजेत, असं सांगितलं आहे.

इन्स्टॉलरला हे जरूर विचारा

• कंट्रोलर आतल्या बाजूला आहे का? बाहेर फक्त रीडर असावा. लॉकचा रिलेही बाहेरच्याच डब्यात असेल, तर तो डबा काढणाऱ्याला दार उघडणं सोपं जातं.

• लॉकला डायोड लावला आहे का? लॉकमध्ये कॉइल असते. वीज तुटताना ती उलटा झटका देते आणि त्याने रिले खराब होतो. काही रुपयांचा डायोड हा झटका थोपवतो.

• वायर पुरेशी जाड आहे का? लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज कमी होतं आणि लॉकची पकड सैल पडते.

या रविवारी करून पाहा

वॉचमन आणि कमिटीतल्या एखाद्याला सोबत घ्या. मेन बंद करा आणि बॅटरीवर एक्झिट बटण चालतं का ते पाहा. मग बॅटरीवरच इमर्जन्सी पेटी दाबा, दार लगेच सुटलं पाहिजे. फायर अलार्मची चाचणी होईल त्या दिवशीही दार तपासा. दार मुद्दाम उघडं ठेवून बझर वाजतो का ऐका. तारीख रजिस्टरमध्ये लिहा आणि दर तीन महिन्यांनी हेच पुन्हा करा. काही बिघाड आढळला, तर स्वतः वायरी उघडू नका, जाणकाराला बोलवा.

आणि हो, ती हिरवी पेटी मुलांना, आजी-आजोबांना आणि घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही दाखवून ठेवा. मुलांचा हात तिथपर्यंत पोचतो का, तेही तेव्हाच पाहून घ्या.